एचबी १०.७, फेरिटिन ९. काळजी करायची की नाही?

शेवंती
मला बाविसावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. दिवस राहिले तेव्हा हिमोग्लोबिन ११.९ होतं, आता १०.७ आलंय. डॉक्टर म्हणाल्या, "या महिन्यांत उतरतंच, लोहाची गोळी चालू ठेवा." पण गोळीने मळमळ आणि बद्धकोष्ठ इतकं होतं की एक दिवस घेते, दोन दिवस टाळते. मावसबहिणीच्या सांगण्यावरून फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) करून घेतलं, ते आलं ९. रिपोर्टवर खालची मर्यादा १५ छापली आहे.

घरात दोन पक्ष पडलेत. आई म्हणते गोळ्या चुकवू नकोस, सासूबाई म्हणतात नीट जेव, आपोआप वाढेल. एचबी "नॉर्मल" आणि फेरिटिन एवढं कमी, हे एकाच वेळी कसं? आणि जिने चढताना धाप लागते ती यानेच का?

खडीसाखर
माझं दुसऱ्या वेळी ९.६ वर गेलं होतं गं. मुलगा ठणठणीत. उगाच टेन्शन घेऊ नकोस.

टिंब
फेरिटिन करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं का? नसेल तर का केलं? एचबी ठीक असताना आणखी खोदत बसलं की काहीतरी कमी-जास्त निघतंच. पैसे देऊन काळजी घरी आणायची हौस.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आकडे वाचायला मात्र मदत करू शकते.

गरोदरपणात रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण २० ते ३० टक्केच. त्यामुळे एकूण पेशी आधीपेक्षा जास्त असूनही रक्त पातळ होतं आणि एचबीचा आकडा खाली येतो. हा आजार नव्हे, असं व्हायलाच हवं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने तिमाहीनुसार वेगळ्या मर्यादा ठरवल्या आहेत: पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११, दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅम प्रति डेसीलिटर. त्याखाली अ‍ॅनिमिया, ७ च्या खाली तीव्र अ‍ॅनिमिया. शेवंती, तुमचं १०.७ आहे. व्याख्येने बघितलं तर तुम्हाला अ‍ॅनिमिया नाही. डॉक्टर बरोबरच बोलल्या.

फेरिटिन ९ ची गोष्ट वेगळी. लोह कमी पडू लागलं की शरीर आधी साठा वापरतं. मग रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह घटतं, मग नव्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट निघायला लागतात, आणि एचबी उतरतं ते सगळ्यांत शेवटी. टाकी तळाला गेली तरी नळाला काही वेळ पाणी येत राहतं, तसं. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, यावर फारसं दुमत नाही. पुष्कळ डॉक्टर तर गरोदरपणात ३० च्या खाली गेलं की लगेच उपचार सुरू करतात.

फेरिटिनची एक खोड मात्र आहे. ताप, संसर्ग, कुठे सूज असली की ते खोटंच वर चढतं. म्हणजे चांगलं आलेलं फेरिटिन फसवू शकतं. कमी आलेलं सहसा फसवत नाही.

टिंब
बरं, म्हणजे प्रत्येक गरोदर बाईचं फेरिटिन करत सुटायचं?

सूक्ष्मदर्शी
नाही, आणि तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये. जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्या गरोदर बायकांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुचवते. त्याआधी फेरिटिन बघाच असं म्हणत नाही. जी नियमित गोळी घेतेय, जिचं एचबी नीट आहे, तिला ही चाचणी नाही केली तरी चालतं. पण एचबी काठावर आहे, गोळी झेपत नाही, किंवा गोळी घेऊनही एचबी हलत नाही, अशा वेळी फेरिटिनशिवाय अंधारात दगड मारणं होतं. शेवंतीच्या बाबतीत पहिल्या दोन्ही गोष्टी आहेत.

अडुळसा
सासूबाईंचं बरोबर आहे. निसर्गाने अन्नात सगळं दिलंय. हिरव्या पालेभाज्या, बीट, डाळिंब खा, रक्त आपोआप वाढतं. गोळ्यांची सवय लागते.

हिशेबनीस
अडुळसा, मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणजे माझं पोटच या "नीट जेवा" वर चालतं. तरी तुमच्याशी सहमत होता येत नाही, कारण गणित जमत नाही.

पूर्ण गरोदरपणाला मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वारेला, ५०० च्या आसपास आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींना, आणि २०० रोजच्या झिजेला. ही गरज नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तिमाहीत पाळी बंद असते म्हणून गरज उलट कमीच असते, रोज १ मिलिग्रॅमच्या आत. उत्तरार्धात मात्र रोज ६-७ मिलिग्रॅम लोह रक्तात पोचायला लागतं. पोचायला हं, नुसतं पोटात जाऊन उपयोग नाही.

वनस्पतींमधल्या लोहाचं शोषण २ ते २० टक्के, मांस-माशांमधल्या हीम लोहाचं १५ ते ३५. समजा, एखादी बाई चांगलं जेवते आणि दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह खाते. त्यातलं दहा टक्के शोषलं तर दीड मिलिग्रॅम झालं. गरोदरपणात शोषण बरंच वाढतं, शरीर हुशार आहे. पण तिप्पट झालं तरी साडेचारच होतात. उरलेलं साठ्यातून काढावं लागतं, आणि आधीच पाळीत जास्त रक्त जाणारी, दोन बाळंतपणांत कमी अंतर असलेली किंवा जुळी असलेली बाई असेल तर साठा कुठून आणणार?

बीटाबद्दल सांगायचं तर त्याचा लाल रंग लोहाचा नाही. शंभर ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. डाळिंबात त्याहूनही कमी. दोन्ही खावं, छान असतं, पण औषध म्हणून नव्हे. डाळी आणि कडधान्यं यात कितीतरी पुढे आहेत.

आहाराचं काम खरं तर गरोदरपणाच्या आधी आणि नंतर. साठा भरलेला असला पाहिजे, तो आहाराने टिकतो. रिकामा झालेला साठा सहाव्या महिन्यात जेवणाने भरून काढणं जवळपास अशक्य आहे. जेवणातून मिळवायचंच असेल तर दोन सवयी जास्तीत जास्त देऊन जातात: जेवणाबरोबर क जीवनसत्त्वाचं काहीतरी असू द्यायचं, आणि जेवणाला चिकटून चहा-कॉफी घ्यायची नाही. तास-दीड तास अंतर ठेवा. चहा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही, कारण कुणीच सोडत नाही.

अडुळसा
तुमचं गणित तुमच्यापाशी. आमच्या आज्या काय गोळ्या घेत होत्या?

पाणकणीस
आज्यांच्या पिढीत बाळंतपणात बायका दगावायच्या, ते कुणी मोजायला बसलं नव्हतं. असो. वाद नको.

गारवा
जरा वेगळाच प्रश्न, हसू नका. मला सातवा महिना आहे आणि दिवसभर बर्फ चावावासा वाटतो. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रोज संपतो. नवरा म्हणतो, उकाड्यामुळे असेल. पण मी रात्री दोन वाजता उठून पण खाते. याचा लोहाशी काही संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी
आहे, आणि बराच घट्ट आहे. अन्न नसलेल्या गोष्टी खाव्याशा वाटण्याला पायका म्हणतात, त्यातला बर्फाचा प्रकार लोहाच्या कमतरतेत फार दिसतो. लोह सुरू केलं की एचबी वाढायच्या आधीच ही इच्छा ओसरते, पुष्कळदा काही दिवसांतच. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, आणि फेरिटिन दोन्ही करून घ्या. बर्फाने दातांखेरीज फारसं काही बिघडत नाही. माती, खडू, भिंतीचा पोपडा असलं काही खाल्लं जात असेल तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. मातीतून जंत जातात, जुन्या रंगाच्या पोपड्यातून शिसं जातं, आणि माती आतड्यात लोहालाच धरून ठेवते.

गारवा
हे मला कुणीच विचारलं नव्हतं. उद्याच जाते.

खडीसाखर
अगं बाई, मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची! घरातले सगळे म्हणायचे, डोहाळे आहेत.

शेवंती
सगळ्यांचे आभार. रात्री पोटऱ्यांत काहीतरी वळवळतंय असं होतं, पाय हलवत राहिल्याशिवाय झोप लागत नाही, तेही यातलंच का? आणि घरी ऑक्सिमीटर आहे, त्यावर ९९ दाखवतो. मग धाप कशाची?

सूक्ष्मदर्शी
ऑक्सिमीटर फक्त इतकंच सांगतो की जितकं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के प्राणवायूने भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते त्याला कळत नाही. एचबी ६ असलेल्या बाईलाही ९९ दाखवेल.

पायांच्या वळवळीला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. गरोदरपणात ते पुष्कळ बायकांना होतं आणि लोह कमी असेल तर जास्त. बाळंतपणानंतर बहुतेकींचं थांबतं.

धापेचं एवढं सरळ नाही. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गरोदरपणात श्वास तसाही जास्त घेतला जातो, त्यामुळे १०.७ ला धाप लोहाचीच असं म्हणता येणार नाही. पण बसल्या जागी धाप लागणं, एक वाक्य पुरं बोलताना दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, झोपलेलं असताना छाती धडधडणं, यातलं काहीही झालं तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

हिशेबनीस
शेवंती, गोळी झेपत नाही हा खरा प्रश्न आहे, त्याकडे येऊ. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा पुष्कळदा लोहाच्या क्षाराचा, म्हणजे अख्ख्या संयुगाचा असतो, नुसत्या लोहाचा नाही. फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ च्या आसपास असतं. फेरस फ्युमरेटमध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणून "मी ३०० ची घेते, ती २०० ची घेते" या तुलनेला अर्थ नाही. "एलिमेंटल" म्हणून छापलेला आकडा शोधा.

मळमळ होत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा. उपाशीपोटी शोषण सगळ्यांत चांगलं, पण उपाशीपोटी घेऊन उलटून टाकण्यापेक्षा दोन घासांबरोबर घेतलेली बरी. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर नको, किमान दोन तासांचं अंतर हवं. गरोदरपणात दोन्ही चालू असतात आणि सोयीसाठी दोन्ही एकदम गिळल्या जातात. अ‍ॅसिडिटीच्या औषधांनीही शोषण कमी होतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लोहात चार तास ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळीच वाया जाते.

शौचाला काळी होणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. काळी, डांबरासारखी चिकट आणि फार घाण वास असेल तर मात्र सांगा. पातळ औषध घेत असाल तर स्ट्रॉने प्या, दातांवर डाग पडतात.

पाणकणीस
एक दिवसाआड घेतली तर जास्त लागू पडते असं वाचलं होतं. खरं आहे का?

सूक्ष्मदर्शी
अर्धं खरं. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्यातून लोह आत यायचं दार साधारण २४ तास आवळून धरतं. म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी घेतलेल्या गोळीतलं कमी टक्के लोह आत जातं, आणि एक दिवसाआड घेतलेल्या प्रत्येक गोळीतलं जास्त. २०१७ साली याचा चांगला अभ्यास आला. पण तो गरोदर नसलेल्या, साठा कमी असलेल्या बायकांवर होता. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हेप्सिडिन मुळातच खूप खाली असतं. त्यामुळे तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र जिला रोजची गोळी झेपतच नाही तिच्यासाठी "एक दिवसाआड, पण न चुकता" हे "रोज, पण कधीमधी" पेक्षा कितीतरी चांगलं. हा बदल डॉक्टरांना विचारून करा. आणि "त्रास होतो, घेतली जात नाही" असं त्यांना सांगा तरी. गप्प राहिलं की पुढच्या वेळी एचबी वाढलं नाही म्हणून त्याच गोळीचा डोस दुप्पट होतो, आणि त्रासही.

आठमाही
मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मी नवरा या नात्याने लिहितोय. बायकोचं एचबी १०.१ होतं. लोहाची गोळी झाली, मग दोन गोळ्या, मग पातळ औषध, आकडा जागचा हलेना. घरात सगळ्यांचा तिच्यावरच संशय, की ही गोळ्या घेत नाही. ती घेत होती, मी स्वतः देत होतो. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तोच जुना सीबीसी हातात घेतला आणि म्हणाले, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६४ आहे आणि तांबड्या पेशी ५९ लाख आहेत, हे लोहाचं दिसत नाही. फेरिटिन ८० निघालं. मग हिमोग्लोबिनची वेगळी चाचणी झाली, त्यात एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ५.४ टक्के, म्हणजे जास्त. बायको थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाची वाहक. लगेच माझी तपासणी केली, मी नाही निघालो. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

सूक्ष्मदर्शी
आठमाही, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ज्यांच्या हातात सीबीसी आहे त्यांनी आत्ता उघडून बघा.

लोहाच्या कमतरतेत पेशी लहान असतात आणि संख्येनेही कमी असतात, शिवाय लहान-मोठ्या मिसळलेल्या असतात, म्हणजे आरडीडब्ल्यू वाढलेला असतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी फारच लहान असतात, पण संख्या भरपूर, बहुतेकदा ५० लाखांच्या वर. एक जुनी झटपट युक्ती आहे: एमसीव्हीला दशलक्षांतल्या पेशीसंख्येने भागायचं. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. यांच्या बायकोचं ६४ भागिले ५.९, म्हणजे ११ च्या आतच. ही फक्त संशयाची युक्ती आहे, निदान एचबीए२ ने होतं. आणि त्यातही मेख आहे: लोह फार कमी असेल तर एचबीए२ खोटंच खाली येतं आणि मायनर निसटू शकतं.

एक जोडीदार मायनर असेल आणि दुसरा नसेल तर बाळ फार तर मायनर होईल, तो आजार नव्हे. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून ही तपासणी लग्नाआधी किंवा दिवस राहिल्याबरोबर व्हायला हवी. गर्भाची चाचणी वारेच्या नमुन्यावर अकराव्या आठवड्यानंतर आणि गर्भजलावर पंधराव्या आठवड्यानंतर करता येते. सहाव्या महिन्यात कळून पर्याय फार थोडे उरतात.

आणि हो, मायनर असलेल्या बाईलाही लोहाची कमतरता होऊ शकते. "तुला थॅलेसेमिया, तुला लोह बंद" हेही चूकच. फेरिटिन बघून ठरवायचं.

शेवंती
माझं एमसीव्ही ७६, पेशी ४१ लाख, आरडीडब्ल्यू वाढलेला. भागाकार १८ च्या वर येतोय.

सूक्ष्मदर्शी
फेरिटिन ९ च्या जोडीला हे चित्र लोहाचंच आहे. तरी बी१२ कधी बघितलंय का? मांसाहार नसेल तर बघा. लोहाने पेशी लहान होतात, बी१२ किंवा फॉलेटच्या (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या) अभावाने मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी छान नॉर्मल दिसते आणि सगळे निवांत होतात.

अडगळ
अवांतर: फॉलेटचा शोध गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियातूनच लागला, आणि तो मुंबईत. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये तिकडे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जबर अ‍ॅनिमिया व्हायचा, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. विल्सबाईंनी त्यांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे साधं मार्माइट, देऊन बघितलं. बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली निबंध छापून आला. त्या अर्कात नेमकं काय आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला "विल्स फॅक्टर" म्हणायचे. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं गेलं. आज लोहाच्या गोळीला फॉलिक अ‍ॅसिड जोडलेलं असतं त्यामागे ही गोष्ट आहे.

खडीसाखर
काय सांगताय! अवांतर असू दे, आवडलं.

टिंब
मान्य, हे मला नवीन होतं. पण मग गोळी झेपत नाही म्हटलं की हल्ली सरळ सलाइनमधून लोह देतात, त्याचं काय? तो धंदा नाही का?

पाणकणीस
मी घेतलंय, सांगते. माझं एचबी तिसाव्या आठवड्यात ८.४ होतं, गोळी पोटात ठरायचीच नाही. आयर्न सुक्रोज दिलं. ते एका वेळी थोडंथोडंच देतात, त्यामुळे हेलपाटे पडतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज नावाचं दुसरं येतं, ते एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. माझ्या जावेला ते दिलं. दोघींनाही झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं होतं, रिअ‍ॅक्शन येते का बघायला. सुई लावली तिथे आग झाली किंवा सूज आली तर लगेच ओरडा, कारण औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो जाता जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी अंगात बळ येईल अशी अपेक्षा ठेवू नका. पेशी तयार व्हायला वेळ लागतोच, मला आठवडे गेले.

सूक्ष्मदर्शी
टिंब, गरज नसताना दिलं तर धंदा, गरज असताना दिलं तर उपचार. पहिल्या तिमाहीत शिरेतून लोह देत नाहीत. त्यानंतर ते कुणाला द्यायचं: गोळी खरोखरच झेपत नाही, नीट घेऊनही फरक नाही, एचबी फार खाली आहे, किंवा प्रसूती जवळ आली आणि गोळीने भरून यायला वेळ उरला नाही. शेवंतीला आत्ता वेळ आहे. नीट घेतलेल्या गोळीने दोन ते चार आठवड्यांत एचबी साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं.

नाही वाढलं तर नुसता डोस वाढवण्याआधी कारण शोधायचं: चहा-कॅल्शियमबरोबर जातेय का, मूळव्याधीतून रक्त जातंय का, जंत आहेत का, सिलिअ‍ॅकसारखा आतड्याचा आजार आहे का, आणि वर सांगितलेला थॅलेसेमिया. रक्त चढवणं ही याच्याही पुढची पायरी, एचबी ७ च्या खाली आणि प्रसूती तोंडावर अशा वेळची. साधारणपणे तिथवर जाऊ द्यायचं नसतं.

एक छोटी गोष्ट: लोह कमी असताना एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, खोटंच जास्त दिसू शकतं. त्यावरून कुणी मधुमेह म्हणालं तर ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी बघा.

मोगरी
माझं एचबी आठव्या महिन्यात १४.२ आहे. वाचून बरं वाटलं, माझी तर काळजीच नाही.

सूक्ष्मदर्शी
मोगरी, घाबरवत नाही, पण गरोदरपणात १३ च्या वर आणि चढतं एचबी म्हणजे कधीकधी प्लाझ्मा हवा तेवढा वाढलेला नसतो. रक्तदाब आणि बाळाची वाढ यावर नीट लक्ष आहे ना, एवढं डॉक्टरांना विचारा.

शेवंती
डॉक्टरांना भेटले. गोळी झेपत नाही हे ऐकून त्यांनी कमी लोहाची दुसरी गोळी दिली, रात्री घ्यायला, आणि महिन्याने पुन्हा सीबीसी. फेरिटिन दाखवलं तर म्हणाल्या, बरं केलंत. बी१२ पण लिहून दिलं. आता एकच: समजा माझं एचबी असंच काठावर राहिलं, तर बाळाला काय? मुख्य भीती तीच आहे.

हिशेबनीस
बाळ आईच्या लोहातून आपला वाटा प्राधान्याने ओढून घेतं, त्यामुळे थोड्याफार कमतरतेत बाळ तरतं आणि आई रिकामी होते. पण आईची कमतरता वाढली की बाळाचाही वाटा कमी पडतो. मुदतीआधी प्रसूती आणि कमी वजन यांचा धोका तीव्र अ‍ॅनिमियात वाढतो. आईला प्रसूतीत रक्त गेलं तर ते सोसायला शरीरात काही उरलेलं नसतं, हे मला जास्त गंभीर वाटतं.

बाळ आपलं बहुतेक लोह शेवटच्या तिमाहीत जमा करतं. पहिले चार-सहा महिने त्याला तो साठा पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, जरी ते चांगलं शोषलं जातं. म्हणून लवकर जन्मलेल्या बाळांना लोहाचे थेंब लवकर सुरू करतात. तुझ्या हातात अजून ते सगळे आठवडे आहेत.

पाणकणीस
आणि प्रसूती झाली की गोळ्या फेकून देऊ नकोस. एचबी नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला तीन महिने तरी जातात. प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे चालू ठेवायला मला सांगितलं होतं. रक्त जास्त गेलं असेल तर पुन्हा तपासून घे. ओल्या अंगाचा थकवा म्हणून सगळे सोडून देतात, पण त्यात अ‍ॅनिमिया लपून बसतो, आणि उदासीला पण हातभार लावतो.

आठमाही
नाळ उशिरा कापण्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं की त्याने बाळाला लोह मिळतं. पण सिझेरियन असेल तर जमतं का?

सूक्ष्मदर्शी
वारेत आणि नाळेत बाळाचंच रक्त असतं. जन्मल्याबरोबर नाळ कापली तर ते तिथेच राहतं. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते, एक ते तीन मिनिटं. त्याने बाळाचा लोहाचा साठा पुढचे काही महिने चांगला राहतो. सिझेरियनमध्येही जमतं, आई आणि बाळ दोघं स्थिर असतील तर. बाळाला लगेच श्वासासाठी मदत लागली किंवा आईला फार रक्तस्राव होत असेल तर थांबत नाहीत. हे आधीच बोलून ठेवा, टेबलावर आठवण करून द्यायला सवड नसते.

खडीसाखर
एक राहिलं. माझ्या थोरल्याने परवा माझ्या जुन्या गोळ्यांची पट्टी काढली होती, लाल चकचकीत गोळ्या, त्याला वाटलं चॉकलेट. हातातून ओढून घेतली म्हणून बरं. थोड्या गेल्या असत्या तर काही झालं असतं का?

सूक्ष्मदर्शी
हो. लोहाच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं दिसतं आणि घरचे निश्चिंत होतात, पण आत यकृताला इजा होत असते. एक-दोन गोळ्या गेल्याचा नुसता संशय आला तरी मूल खेळतंय म्हणून वाट बघू नका, पट्टी हातात घेऊन लगेच इस्पितळात जा. किती गोळ्या कमी आहेत ते त्यांना पट्टीवरून मोजता येतं. आणि जुन्या पट्ट्या आजच काढून टाका.